अंडी मोजायची की पिल्लं? डायटम खाणाऱ्या कोपेपॉडचं प्रकरण

डायटम नावाची सूक्ष्म सागरी शैवालं खाऊन कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांची पुढची पिढी वाढते की खुंटते, या वादाचं हे प्रकरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि पंधराएक वर्षं चाललं. ठिकाणं मुख्यतः दोन: इटलीतल्या नेपल्सचं सागरी प्राणिशास्त्र केंद्र, जे १८७२ पासून चालू आहे, आणि एड्रियाटिक समुद्राचा उत्तर भाग. यातल्या संशोधकांची नावं मी बाजूला ठेवली आहेत. कोण बरोबर होतं यापेक्षा कोणत्या टप्प्यावर काय मोजायचं ठरलं, आणि त्या ठरवण्याने उत्तर कसं बदलत गेलं, हे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

सागरी जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक अन्नसाखळी हमखास असते. समशीतोष्ण समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीला पाण्यात पोषकद्रव्यं साठलेली असतात, ऊन वाढू लागतं आणि डायटमांचा बहर येतो. डायटम म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवालं. समुद्रात होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के धरतात. त्यांना कोपेपॉड खातात, कोपेपॉडना माशांची पिल्लं खातात, पिल्लांचे मासे होतात. आपला बांगडासुद्धा कोपेपॉडवर चांगला पोसतो, त्यामुळे ही साखळी शेवटी कोकणातल्या ताटापर्यंतही येते.

कोपेपॉड हा प्राणिप्लवकांतला, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या लहान प्राण्यांतला, सर्वांत मोठा गट; खेकडा-कोळंबीच्या नात्यातला. या प्रकरणातली मुख्य जात कॅलॅनस हेल्गोलँडिकस. ती तांदळाच्या कणीएवढी असते, जेमतेम तीन मिलिमीटर. मादी अंडी एकेक करून पाण्यात सोडून देते. अंड्यातून नॉप्लियस, म्हणजे अळी, बाहेर पडतो. नॉप्लियसच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइटच्या पाच, आणि त्यानंतर प्रौढ प्राणी. यातली कुठलीही एक पायरी निसटली तर पुढची पिढी तेवढी कमी.

त्यांचं खाणं जवळून पाहण्यासारखं आहे. पूर्वी समज असा होता की कोपेपॉड आपल्या केसाळ उपांगांची चाळणी करतात आणि त्यातून पाणी गाळून जे अडकेल ते गिळतात. १९८० च्या आसपास वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण झालं आणि हा समज मोडला. इतक्या लहान आकाराच्या प्राण्याला पाणी चिकट आणि घट्ट लागतं, चाळणीतून ते सहज वाहतच नाही. कोपेपॉड उपांगं हलवून पाण्याचा प्रवाह आपल्याकडे ओढतो, येणारा कण त्याला वासाने आधीच कळतो, मग त्या कणाभोवतीचा पाण्याचा गोळा तो पुढे घेतो आणि तोंडाशी चव पाहून कण आत घेतो किंवा झटकून टाकतो. म्हणजे निवड करायची सोय त्याच्याकडे आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

त्या काळी चांगलं अन्न कोणतं हे ठरवायची रीत साधी होती. जाळ्याने मादी पकडायची, ताज्या समुद्राच्या पाण्यात किंवा ठरावीक शैवालाच्या द्रावणात एका काचेच्या बशीत ठेवायची, चोवीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. अंडी जास्त तर अन्न चांगलं. अंडं घातलं म्हणजे पिल्लू होणारच, हे गृहीत धरलेलं असे. कोणी ते लिहूनही ठेवत नसे, इतकं ते गृहीत होतं.

अडचण

नेपल्समध्ये आणि फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या रॉस्कॉफमध्ये काम करणाऱ्या एका गटाने बशी चोवीस तासांनी रिकामी केली नाही. अंडी आणखी दोन दिवस तशीच ठेवली आणि त्यांतून किती पिल्लं निघाली ते पाहिलं.

थॅलॅसिओसिरा रोटुला नावाचा डायटम खाणाऱ्या माद्या व्यवस्थित खात होत्या, अंडीही घालत होत्या. पण अंडी फुटत नव्हती. त्याच जातीच्या माद्यांना प्रोरोसेंट्रम मिनिमम हे डायनोफ्लॅजेलेट (तंतू हलवून पोहणारा, वेगळ्या गटातला एकपेशीय जीव) दिलं की जवळपास सगळी फुटत. पहिल्या दिवशी दोन्ही गटांत फारसा फरक दिसत नसे. डायटमचा आहार जसजसा लांबे तसतशी दररोजच्या अंड्यांतली फुटणारी कमी होत जात. आहार बदलून प्रोरोसेंट्रम दिलं की काही दिवसांनी गाडी पुन्हा रुळावर येई.

बशीत हे कसं दिसतं? निरोगी अंड्यात पेशी आखल्यासारख्या विभागतात: दोन, चार, आठ, सोळा. दुसऱ्या दिवशी कवचाच्या आत नॉप्लियस हलताना दिसतो आणि थोड्या वेळाने मागे रिकामं पारदर्शक कवच उरतं. बिघडलेल्या अंड्यात विभागणी मधेच थांबते. पेशी एकसारख्या आकाराच्या राहत नाहीत, केंद्रकं इतस्ततः पांगतात आणि अंडं गढूळ होऊन तसंच पडून राहतं. चोवीस तासांच्या मोजणीत ही दोन्ही अंडी एकच: दोन अंडी.

आता पेच असा की डायटम हे समुद्रातलं सर्वांत मुबलक अन्न. ते खाऊन कोपेपॉडची पिढीच खुंटत असेल, तर बहराचं अन्न माशांपर्यंत पोचतं हे गणित चुकीचं. मत्स्योत्पादनाचे अंदाज त्याच गणितावर उभे होते.

समोर कोणते खुलासे होते

तीन खुलासे शक्य होते आणि तिन्ही तेव्हा कोणी ना कोणी मांडत होतं.

पहिला, कुपोषणाचा. डायटम ईपीए या मेदाम्लाने भरलेले असतात, डायनोफ्लॅजेलेट डीएचएने. अंड्याला दोन्ही लागतात, शिवाय स्टेरॉल आणि काही अमिनो आम्लंही. एकाच जातीचं शैवाल आठवडाभर खाऊ घातलं तर काही ना काही कमी पडणारच. मग अंडी न फुटण्यात नवल ते काय?

दुसरा, विषाचा. डायटममध्ये असं काही असावं जे आईला मारत नाही, पण गर्भाला मारतं.

तिसरा, प्रयोगातल्या दोषाचा, आणि हा सर्वांत कंटाळवाणा असल्यामुळे सहसा शेवटी तपासला जातो. काही जातींत मादीला वारंवार नराशी समागम करावा लागतो. नर नसेल तर अंडी आपोआप निष्फळ होऊ लागतात, आहार कोणताही असो. दाट शैवालात जिवाणू वाढतात. आणि शैवालाचा अर्क काढून त्यात अंडी बुडवली तर त्या दाट अर्कात प्राणवायूच संपतो. १९९६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला: अंडी विषाने मेली म्हणता, ती गुदमरून मेली नाहीत कशावरून?

मला हा आक्षेप या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी वाटतो. त्याने अर्काच्या प्रयोगाची हवा काढून घेतली आणि पुढे जायचं तर रेणू हातात घेऊनच जावं लागेल हे स्पष्ट केलं.

कुपोषण की विष, हे वेगळं करायची एक युक्ती आहे. चांगल्या आहारात थोडा डायटम मिसळायचा. कुपोषण असेल तर मिश्रणाने दोष भरून निघायला हवा, विष असेल तर चांगलं अन्न असूनही नुकसान दिसायला हवं. युक्ती दिसते सोपी. पण कोपेपॉड निवडून खातो. मिश्रणातलं त्याने नेमकं किती काय खाल्लं, हे आधी आणि नंतर पेशी मोजूनच कळतं, आणि तेवढी मोजणी त्या काळच्या पुष्कळ प्रयोगांत झालेली नव्हती.

काय केलं

नेपल्सच्या गटाने रेणू शोधायचा रस्ता धरला. रसायनशास्त्रज्ञ बरोबर घेतले, डायटमच्या पेशी फोडल्या, अर्काचे भाग पाडले आणि प्रत्येक भाग गर्भावर तपासला. १९९९ साली 'नेचर'मध्ये निकाल आला. तीन असंतृप्त अल्डिहाइड (एका प्रकारची सेंद्रिय संयुगं) सापडले, दहा कार्बनांची साखळी असलेले. शुद्ध स्वरूपात दिल्यावर ते कोपेपॉडच्या आणि समुद्री अर्चिनच्या गर्भाची वाढ थांबवत होते. माणसाच्या कर्करोगाच्या पेशींचं विभाजनही त्यांनी रोखलं. गुदमरण्याचा आक्षेप इथे लागू होत नव्हता, कारण दाट अर्क आता नव्हताच.

त्याच निबंधात त्यांनी दुसरं पाऊल टाकलं: प्रयोगशाळेतून समुद्रात. उत्तर एड्रियाटिकमध्ये पो नदी भरपूर पोषकद्रव्यं आणते आणि तिथे हिवाळ्याच्या अखेरीला स्केलेटोनेमा या डायटमचा मोठा बहर येतो. बहरात पकडलेल्या कोपेपॉडची फक्त १२ टक्के अंडी फुटली. बहर ओसरल्यावर ९० टक्के.

१२ आणि ९०. हे आकडे जगभर गाजले आणि माझ्या मते पुढच्या गोंधळाचं मूळही त्यांच्यातच आहे. आकडे खरे होते, पण ते एका समुद्राचे, एका मुख्य डायटमचे. वाचणाऱ्यांनी ते सगळ्या डायटमांचे म्हणून वाचले.

पुढच्याच वर्षी जर्मनीतून, येनामधून, रसायनशास्त्राचा एक महत्त्वाचा धागा हाती आला. धडधाकट डायटम पेशीत हे अल्डिहाइड नसतातच. पेशी चिरडली गेली की पेशीपटलातल्या मेदाम्लांवर विकरं (एंझाइम) तुटून पडतात आणि काही सेकंदांत अल्डिहाइड बनायला लागतात. म्हणजे कोपेपॉड तोंडाशी आलेल्या पेशीची चव पाहतो तेव्हा चव घेण्यासारखं काही नसतं. चावल्यावर विष तयार होतं आणि तोवर घास आत गेलेला असतो. निवडून खाणारा प्राणी इतकं वाईट अन्न का निवडतो, या प्रश्नाचं हे बऱ्यापैकी पटणारं उत्तर होतं.

आणखी एक विचित्र गोष्ट इथे समजते. अल्डिहाइड ज्या मेदाम्लांपासून बनतात त्यांतलं एक ईपीए, म्हणजे कोपेपॉडला पोषणासाठी हवं असलेलंच. त्यामुळे कुपोषण आणि विष हे दोन खुलासे जितके वेगळे मांडले जात होते तितके वेगळे नव्हते.

मध्येच आलेला धक्का

२००२ मध्ये 'नेचर'मध्येच दुसऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाचा निबंध आला. जगभरातले डायटमबहुल असे १२ सागरी प्रदेश निवडून त्यांनी तिथल्या कोपेपॉडची अंडी किती फुटतात हे मोजलं होतं. डायटम जास्त असले म्हणून अंडी कमी फुटतात, असा संबंध त्यांना एकाही प्रदेशात आढळला नाही. जुनी साखळी शाबूत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नेपल्सच्या गटापुढे आता दोन वाटा होत्या. एक, आपल्या १२ टक्क्यांचं समर्थन करत बसायचं: तुमच्या प्रदेशांत विषारी डायटम नसतील, तुमच्या माद्यांनी दुसरं काही खाल्लं असेल. हे मुद्दे खोटे नव्हते. बहरातसुद्धा पाण्यात सिलिएट नावाचे एकपेशीय जीव असतात, डायनोफ्लॅजेलेट असतात, आणि कोपेपॉड ते आवडीने खातो. पण अशा समर्थनाला अंत नसतो. दुसरी वाट, मोजमापच बदलायची.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर दोन्ही बाजूंची मंडळी एकत्र बसली. वाद मिटला असं म्हणता येणार नाही, पण कशावर एकमत आहे आणि कशावर नाही याची यादी तरी झाली. विज्ञानातल्या वादांत ही यादी फार उशिरा होते, असा माझा अनुभव आहे.

नेपल्सच्या गटाने दुसरी वाट घेतली. अंडी फुटण्यावर थांबायचं नाही, पिल्लू जगतं का ते पाहायचं. प्रयोगाची मांडणी मला आजही आवडते, कारण ती आईचं खाणं आणि पिल्लाचं खाणं वेगळं काढते. कॅलॅनसच्या काही माद्यांना स्केलेटोनेमा दिला, काहींना डायनोफ्लॅजेलेट. त्यांच्या पिल्लांनाही कुठे तोच आहार, कुठे बदललेला.

२००४ साली निकाल आला. आई आणि पिल्लू दोघांनाही डायटमवर ठेवलं, तर एकूणएक पिल्लांची वाढ थांबली. आईला डायटम आणि पिल्लाला डायनोफ्लॅजेलेट दिलं तरी मरणारी पिल्लं पुष्कळच होती. आईच्या खाण्याची खूण पिल्लात उतरलेली होती आणि नंतरचा चांगला आहार ती पुसू शकत नव्हता. अंडं फुटलं, नॉप्लियस बाहेर आला, मोजणीच्या वहीत 'यशस्वी' म्हणून रेघ पडली. पण त्या नॉप्लियसची उपांगं वाकडी किंवा अपुरी असत, त्याला नीट पोहता येत नसे आणि तो लवकरच मरत असे.

आता २००२ च्या निबंधाकडे पुन्हा पाहिलं तर दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असू शकत होत्या. बारा प्रदेशांत अंडी फुटत होती हे खरं. फुटलेल्यांचं पुढे काय झालं, हे त्या मोजणीत नव्हतं.

निष्पत्ती

२००५ नंतर चित्र बरंच निवळलं, पण सरळ झालं नाही.

सगळे डायटम दोषी नाहीत. ५१ जातींच्या चाचणीत तपासलेल्या वाणांपैकी सुमारे ३८ टक्के वाण असे अल्डिहाइड बनवताना आढळले. एकाच जातीचा एक वाण बनवतो, दुसरा बनवत नाही. त्यामुळे 'डायटमांचं प्रमाण अमुक टक्के' हा आकडा कोपेपॉडच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक ठरतो. कोणते डायटम, हे कळल्याशिवाय त्यातून काही निघत नाही.

डायटमची अवस्थाही महत्त्वाची निघाली. पोषकद्रव्यांची टंचाई आली आणि पेशी म्हाताऱ्या झाल्या की स्केलेटोनेमामध्ये दर पेशीमागे अल्डिहाइड वाढतात. बहराच्या सुरुवातीचा आणि शेवटचा घास सारखा नसतो.

आणि केवळ अल्डिहाइडच दोषी आहेत, हेही टिकलं नाही. २००७ च्या सुमारास नेपल्सच्याच संशोधकांनी दाखवलं की मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे इतरही रेणू गर्भाला इजा करतात, आणि अल्डिहाइड न बनवणाऱ्या किटोसेरॉस वंशातल्या डायटमांतही हा मार्ग चालू असतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या अल्डिहाइडचं प्रमाण मोजलं तेव्हा ते अत्यंत कमी भरलं, नॅनोमोलरच्याही खाली. म्हणजे अंडी विषारी पाण्यात तरंगून मरत नाहीत. जे होतं ते आईच्या पोटातून होतं. अर्कात अंडी बुडवण्याचे सुरुवातीचे प्रयोग म्हणूनच दिशाभूल करणारे होते, प्राणवायूचा मुद्दा बाजूला ठेवला तरी.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, डाबोब उपसागरात, दुसऱ्या एका गटाने कॅलॅनस पॅसिफिकस बहरात काय खातो हे पाहिलं. तो हानिकारक डायटम बऱ्याच अंशी टाळत होता. पर्याय असेल तर कोपेपॉड पर्याय निवडतो. एड्रियाटिकच्या हिवाळी बहरात एकाच जातीचं राज्य असतं, तिथे पर्याय उरत नाही. माझ्या मते १२ टक्क्यांचं आणि '१२ प्रदेशांत काहीच नाही' याचं अर्धं रहस्य या एका वाक्यात आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा अगदी सुरुवातीची: बशी चोवीस तासांनी रिकामी करायची की नाही. खाल्लेलं मोजून थांबलं असतं तर डायटम उत्तम अन्न ठरले असते. घातलेली अंडी मोजून थांबलं असतं तरी उत्तमच. फुटलेली अंडी मोजली तर उत्तर समुद्रागणिक बदललं. पिल्लं मोजली तर आणखी बदललं. आहाराचा परिणाम जिथे दिसतो तिथवर मोजणी गेली नव्हती, इतकाच दोष होता, आणि तो काढायला महागडं यंत्र लागत नव्हतं. आणखी काही दिवस बशी राखायची होती. पण समुद्रात जहाजावर, हलत्या टेबलावर, तीन दिवसांची नॉप्लियसची बशी सांभाळणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला ठाऊक. म्हणून १९९० पूर्वीच्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा तुलनेच्या आहाराची. डायटमविरुद्ध डायनोफ्लॅजेलेट ही जोडी सोयीची होती, पण या दोघांत विषाखेरीज मेदाम्लांचाही फरक. त्याऐवजी एकाच डायटम जातीचा अल्डिहाइड बनवणारा आणि न बनवणारा वाण समोरासमोर ठेवला असता तर कुपोषणाचा मुद्दा पहिल्याच फेरीत निकालात निघाला असता. अर्थात, वाणावाणांत असा फरक असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. आज कोणी हा प्रयोग सुरुवातीपासून करणार असेल तर मी याच जोडीपासून सुरू करायला सांगेन.

तिसरी जागा कालावधीची. ॲकार्शियासारखा लहान कोपेपॉड साठा फारसा ठेवत नाही. आज खाल्लेलं उद्याच्या अंड्यात दिसतं. कॅलॅनसच्या अंगात मेणासारख्या मेदाचा साठा असतो, त्यामुळे अंड्यात आजच्या घासाबरोबर जुनी पुंजीही उतरते. समुद्रातून पकडलेली मादी कालपर्यंत काय खात होती हे आपल्याला माहीत नसतं. पहिल्या दोन दिवसांची अंडी तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल बोलतात, आपल्या प्रयोगाबद्दल नाही. पहिल्या दिवसांत काही फरक दिसला नाही म्हणून आहार निर्दोष ठरवणारे अभ्यास याच खड्ड्यात पडले.

चौथी जागा वादाच्या वेळची. २००२ नंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या बशा वापरल्या असत्या, म्हणजे त्या १२ प्रदेशांपैकी दोन-तीन ठिकाणी एकत्र जाऊन अंडी, पिल्लं आणि मादीच्या पोटातलं अन्न तिन्ही मोजली असती, तर पुढची काही वर्षं वाचली असती. इस्कियाच्या बैठकीनंतर ते सहज शक्य होतं.

एक जागा कोणाच्याच हातात नव्हती: नाव. उत्तर एड्रियाटिकचा ज्याला सगळे स्केलेटोनेमा कोस्टॅटम म्हणत होते, तो २००५ मध्ये वेगळी जात ठरला, स्केलेटोनेमा मारिनोई. त्यापूर्वीच्या निबंधांत 'कोस्टॅटम' वाचलं की तो कुठल्या समुद्रातून घेतलेला वाण होता हे पाहावं लागतं. नाहीतर एका समुद्राचा निष्कर्ष भलत्याच शैवालाला चिकटतो. आपल्या खाड्यांतून 'स्केलेटोनेमा कोस्टॅटम' नोंदवणारे जुने अहवाल भरपूर आहेत, त्यांनाही हे लागू आहे.

आपल्या बाजूने पाहिलं तर

हॅचरीत काम करणाऱ्यांना हे सगळं ऐकून पहिला प्रश्न पडतो तो किटोसेरॉसचा. कोळंबीच्या अळ्यांना झोइया अवस्थेत किटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा, स्केलेटोनेमा हेच तर देतात, आणि अळ्या वाढतात. मग? इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अळी ते खाऊन वाढते, अंडी घालत नाही. वाढीसाठी चाललेला आहार प्रजननासाठी चालेलच असं या प्रकरणात कुठेही निघालेलं नाही. माशांच्या पिल्लांना खाऊ घालायला कोपेपॉड पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढवायचे असतील तर मात्र हा फरक थेट अंगावर येतो. म्हणूनच ॲकार्शिया वाढवणारे जगभर डायटमपेक्षा ऱ्होडोमोनास हे क्रिप्टोफाइट शैवाल पसंत करतात, किंवा मिश्र आहार ठेवतात. टाकीत माद्या आणि अंडी दोन्ही भरपूर दिसत असूनही नॉप्लियस विरळ होत चालले, तर पाण्याचा खारटपणा आणि तापमान तपासून झाल्यावर शैवालाच्या कॅनकडे वळावं: किती दिवसांचं आहे, एकाच जातीचं आहे का, खत संपून पिवळं पडलेलं तर नाही?

अरबी समुद्रात तर प्रश्न उलटा उभा आहे. उत्तर अरबी समुद्रातल्या हिवाळी बहरात पूर्वी डायटमांचं वर्चस्व होतं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरव्या नॉक्टिलुका या डायनोफ्लॅजेलेटचे अवाढव्य बहर येऊ लागले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २०१४ मध्ये त्याचा संबंध पाण्यातल्या कमी होत चाललेल्या प्राणवायूशी जोडला. नॉक्टिलुका आकाराने मोठा, पोटात हिरवं शैवाल बाळगणारा, आणि स्वतः डायटमही खाणारा. कोपेपॉडच्या तोंडात तो मावत नाही. त्याला खातात ते सॅल्प आणि जेलीसारखे प्राणी. तेव्हा आपल्याकडे डायटम कोपेपॉडची पिढी खुंटवतात का, हे विचारण्याआधी मोजावं लागेल ते हे: नॉक्टिलुकाच्या बहरात सापडलेल्या कोपेपॉडच्या पोटात काय आहे, त्याची किती अंडी फुटतात, आणि फुटलेल्यांतली किती पिल्लं तिसऱ्या नॉप्लियस अवस्थेपर्यंत पोचतात. या तीन आकड्यांसाठी एका जाळीची, काही बशांची आणि सलग आठवडाभर जागेवर थांबू शकणाऱ्या माणसाची गरज आहे.